विटाळ, मालिन्य, प्रदूषण : बेंगळूरच्या वृषभावती खोऱ्यातील जलप्रदूषण-प्रतिबंधाचा इतिहास

१. विषयप्रवेश

बेंगळूरच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटसमोर थोडा वेळ उभे राहिले, तर तमिळ, दखनी उर्दू, कन्नड आणि इंग्रजी या चारही भाषा कानांवर पडतात. मराठी क्वचितच ऐकू येते. वस्तीला नाव मात्र मराठ्यांच्या छत्रपतींचे आहे. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी येथे लष्करी छावणी वसवली. तिच्याबरोबर वाढलेली ही वस्ती पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जात असे. १६३८ मध्ये शहाजीराजांकडे बेंगळूरची जहागीर आली, त्या काळातली ही वस्ती नव्हे. तरीही या नावामुळे मराठी अभ्यासकाची पावले येथे थबकतात आणि या शहराशी आपल्या भाषेचे नाते काय, असा प्रश्न मनात उभा राहतो.

प्रस्तुत निबंधात हे नाते पाण्याच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला आहे. त्याला एक भौगोलिक कारण आहे. बेंगळूर हे शहर नदीकाठी वसलेले नाही. ते एका उंचवट्यावर वसले आहे. या उंचवट्याच्या पूर्वेकडचे पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळते, तर पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे कावेरीला जाते. शिवाजीनगर पूर्वेच्या उतारावर येते. तेथील पाणी हलसूर तलावाकडे आणि पुढे बेळ्ळंदूरकडे वाहते. मराठी राजवटीची या शहरातील एक ठळक खूण मात्र पश्चिमेच्या उतारावर, वृषभावतीच्या उगमाजवळ आहे. त्याच नदीच्या वरच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीण्या ही मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. एकाच ओढ्याच्या काठी दानलेख आणि कारखाना ही दोन टोके यावीत, हा योग अभ्यासाला सोयीचा आहे.

या निबंधाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : भारतीय कायद्याने जलप्रदूषणाविरुद्ध ‘प्रतिबंध’ आणि ‘नियंत्रण’ असे दोन शब्द एकत्र वापरले, परंतु संस्थांच्या नावांत आणि नित्याच्या व्यवहारात दुसऱ्या शब्दाने पहिल्याला मागे सारले. नदीच्या काठावर या शब्दबदलाचा अर्थ फार मूर्त आहे. दोष कोठे शोधायचा, कारखान्याच्या आत की नाल्याच्या तोंडाशी, हे त्यावर ठरते.

२. उगम आणि दानलेख

शहाजीराजांच्या बेंगळूरची आठवण तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. जयराम पिंड्ये याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य याच दरबाराशी निगडित आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये ते प्रसिद्ध केले. संस्कृत काव्याच्या चौकटीत अनेक देशी भाषांना जागा देणारा हा ग्रंथ बेंगळूरच्या बहुभाषिकतेचा सतराव्या शतकातील पुरावाच आहे. आज शिवाजीनगरात ऐकू येणारा भाषांचा संगम या शहराला नवा नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

शहाजीराजांनंतर ही जहागीर व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे होती. मल्लेश्वरम् भागातील काडु मल्लेश्वर मंदिराजवळचा १६६९ चा शिलालेख त्यांच्या दानाचा आहे. मल्लपूरच्या मल्लिकार्जुनाला एक गाव त्यात दिले आहे. १६८७ मध्ये बेंगळूर मोगलांच्या हाती गेले आणि तेथून तीन लाख रुपयांच्या मोबदल्यात म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे आले. मराठी राजवट येथून उठली, दानलेख मात्र राहिला.

याच मंदिरासमोर नंदीतीर्थ आहे. बराच काळ मातीखाली असलेले हे तीर्थ १९९७ मध्ये उघडकीस आले. दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते आणि पुढे कुंडात साठते. वृषभ म्हणजे नंदी. म्हणून वृषभावती येथेच उगम पावते, अशी लोकश्रद्धा आहे. दुसरी परंपरा हा उगम बसवनगुडीतील मोठ्या नंदीच्या पायाशी मानते. दोन्ही कथांत नदीचा जन्म पूजेच्या जागी होतो, हे लक्षणीय आहे. पुढे हीच नदी म्हैसूर रस्त्याच्या कडेने काळी, फेसाळ होऊन वाहते. केंगेरी ओलांडून ती बिडदीजवळच्या ब्यरमंगल जलाशयात शिरते आणि कनकपुराच्या परिसरात अर्कावतीला मिळते. ब्यरमंगल जलाशय शेतीसाठी बांधलेला. त्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या वाट्याला महानगराचे सांडपाणी येते. या पाण्यावरच्या मातीत आणि भाजीपाल्यात जड धातूंचे अंश आढळल्याचे संशोधकांनी वेळोवेळी नोंदवले आहे.

दानलेखाचे वाङ्मयीन रूप येथे ध्यानात घ्यावे. दानलेख देणाऱ्याचे नाव सांगतो, घेणाऱ्याचे सांगतो आणि शेवटी भावी राजांना उद्देशून बोलतो : हे दान मोडू नका, ही त्या लेखनप्रकाराची सर्वसाधारण विनवणी. म्हणजे आपल्या हयातीत जो समोर नाही, त्यालाही हा प्रकार संबोधित करतो. नदीच्या बाबतीत असा समोर नसलेला माणूस म्हणजे खालच्या अंगाचा शेतकरी. आधुनिक कायद्याच्या भाषेत त्याला कोणते स्थान आहे, हे पुढे पाहू.

३. चार भाषांतील चार प्रतिमा

‘प्रदूषण’ हा शब्द आज मराठीत इतका रुळला आहे, की त्याची घडण सहसा लक्षात येत नाही. त्याच्या मुळाशी ‘दूषण’ आहे. मराठीत ‘दूषण देणे’ म्हणजे ठपका ठेवणे, बोल लावणे. दूषण आपोआप होत नाही. ते कोणीतरी करतो आणि कोणाला तरी दिले जाते. शब्दाच्या पोटात दोष आणि दोषी असे दोन्ही आहेत.

कन्नडने याच अर्थासाठी दुसरा संस्कृत शब्द निवडला. कर्नाटकातील मंडळाचे नाव ‘मालिन्य नियंत्रण मंडळी’ असे आहे. मालिन्य म्हणजे मळकटपणा, तेज जाणे. ही अवस्था आहे. ती कोणी आणली, हे शब्द सांगत नाही. तमिळमध्ये ‘मासु’ म्हणजे डाग, कलंक, धूळ. उर्दूतील ‘आलूदगी’ हा फारसी शब्द माखण्याच्या, लडबडण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. शिवाजीनगरच्या एकाच चौकात एकाच नाल्याबद्दल बोलणारे लोक अशा रीतीने दोष, मळ, डाग आणि लेप या चार वेगवेगळ्या प्रतिमांतून बोलत असतात.

मात्र या चारही भाषांत एक अंतर राखलेले आहे. मराठीत ‘विटाळ’ वेगळा आणि ‘प्रदूषण’ वेगळे. कन्नडमध्ये ‘मैलिगे’ वेगळे आणि ‘मालिन्य’ वेगळे. तमिळमध्येही ‘तीट्टु’ वेगळे आणि ‘मासु’ वेगळे. उर्दूत ‘नापाकी’ निराळी आणि ‘आलूदगी’ निराळी. इंग्रजीतील ‘पोल्यूशन’ हा एकच शब्द मात्र धार्मिक अशुचितेपासून रासायनिक अशुद्धतेपर्यंत सगळा प्रवास करून आला आहे. मानववंशशास्त्राच्या ग्रंथांत तो विटाळासाठी येतो आणि पर्यावरणाच्या ग्रंथांत सांडपाण्यासाठी. भाषांतरकाराला येथे निवड करावी लागते आणि ती निवड साधी नाही.

तिची गंभीरता महाडच्या इतिहासावरून कळते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. पाण्याच्या गुणधर्मांत तसूभरही फरक पडलेला नसताना शुद्धीची ही भाषा वापरली गेली. विटाळाच्या व्यवस्थेत स्पर्श करणारा माणूस दोषी ठरतो; पाण्यात प्रत्यक्ष काय मिसळले, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. आधुनिक कायद्याने हा प्रश्न उलटा केला : माणूस कोण आहे, हे विचारू नका; पाण्यात काय सोडले, ते मोजा. ‘विटाळ’ टाळून ‘प्रदूषण’ हा शब्द रूढ होणे, ही म्हणून केवळ परिभाषेची सोय नव्हती. त्यामागे एक नैतिक स्थलांतर होते.

अर्थात शब्दावर फार भार टाकणे धोक्याचे आहे. मराठीत प्रदूषणाच्या पोटी दोषी आहे म्हणून महाराष्ट्रातील नद्या स्वच्छ राहिल्या, असे कोणी म्हणणार नाही. पंचगंगा, उल्हास आणि मुळा-मुठा यांची स्थिती वृषभावतीला हसण्यासारखी नाही. शब्द नदी वाचवत नाही. पण दोष कोठे पाहायचा याची सवय तो लावतो, एवढेच येथे म्हणायचे आहे.

४. कायद्याच्या नावातील बदल

पाणी हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय. महाराष्ट्राने या क्षेत्रात लवकर पाऊल टाकले. ‘महाराष्ट्र जलप्रदूषण प्रतिबंध अधिनियम’ १९६९ चा; त्याखालील मंडळ ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. या कायद्याच्या शीर्षकात प्रतिबंध आहे, नियंत्रण नाही.

केंद्रीय कायदा १९७४ मध्ये आला. संसदेला या विषयावर परभारे कायदा करता येत नसल्याने अनुच्छेद २५२ नुसार काही राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले. या पहिल्या राज्यांत कर्नाटक होते, महाराष्ट्र नव्हते. ‘जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम’ असे त्याचे नाव. कर्नाटकातील मंडळ २१ सप्टेंबर १९७४ रोजी अस्तित्वात आले. महाराष्ट्राने आपला कायदा बाजूला ठेवून १ जून १९८१ पासून केंद्रीय कायदा स्वीकारला. अशा रीतीने एकच शब्द असलेल्या शीर्षकाची जागा दोन शब्दांच्या शीर्षकाने घेतली.

पुढचा टप्पा १९८८ च्या दुरुस्तीचा. मूळ कायद्यात केंद्रीय मंडळाच्या नावात ‘जलप्रदूषणाचा प्रतिबंध व नियंत्रण’ असे दोन्ही शब्द होते. दुरुस्तीने ते ‘केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ’ झाले. दरम्यान १९८१ चा हवेचा कायदा आला होता आणि तोही मंडळाकडेच असल्याने नावातून ‘जल’ जाणे स्वाभाविक होते. त्याबरोबर ‘प्रतिबंध’ही गेला. राज्याराज्यांतील मंडळे आज ‘नियंत्रण’ एवढ्याच शब्दाने ओळखली जातात.

येथे घाईने निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ज्या दुरुस्तीने नावातून प्रतिबंध काढला, तिनेच कलमांत तो वाढवला. कलम २५ अन्वये सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची पूर्वसंमती लागत असे. १९८८ नंतर सांडपाणी निर्माण करू शकणारा उद्योग उभारण्यापूर्वीच ती घेणे बंधनकारक झाले. कलम ३३-क ने उद्योग बंद करण्याचा, त्याचे पाणी वा वीज तोडण्याचा आदेश देण्याचा अधिकार मंडळांना मिळाला. म्हणजे प्रतिबंध नावातून उतरला आणि कलमात चढला. पेच त्याच्या अंमलबजावणीत आहे. मंडळाचा अधिकारी कारखान्याच्या निर्गमावर नमुना घेतो, प्रयोगशाळा आकडे देते आणि आकडा मर्यादेत बसतो की नाही एवढ्यावर निवाडा होतो. अधिकाऱ्याची नजर नळाच्या शेवटच्या टोकाशी खिळते. ‘नियंत्रण’ या शब्दाचा व्यावहारिक अर्थ असा घडत गेला.

५. मुलाम्याच्या टाकीजवळ

पीण्यासारख्या वसाहतीत हा फरक किती मोलाचा आहे, हे धातूंना मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. यंत्रसामग्री आणि सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगांभोवती असे कारखाने अपरिहार्यपणे वाढतात.

क्रोमच्या मुलाम्यात लोखंडी भाग क्रोमिक आम्लाच्या टाकीत बुडवतात. बाहेर काढताना भागाला चिकटलेले द्रावण त्याच्याबरोबर येते आणि पुढच्या धुण्याच्या टाकीत उतरते. धुण्याचे पाणी वाहून गेले, की षट्‌संयुजी क्रोमियम नाल्यात जाते. हे रूप पाण्यात सहज विरघळते, जमिनीत झिरपते आणि कर्करोगकारक आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक असू नये आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅमच्या आत असावे.

ही मर्यादा दोन मार्गांनी गाठता येते. पहिला मार्ग शेवटच्या टोकाचा : सांडपाणी गोळा करायचे, आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचे, त्रिसंयुजी झालेला क्रोमियम चुन्याने खाली बसवायचा आणि गाळ वेगळा काढायचा. हा मार्ग आवश्यक आहे. पण त्यातून विषारी गाळ शिल्लक राहतो आणि त्याची सोय लावावी लागते. दुसरा मार्ग टाकीजवळचा : भाग टाकीवरच काही क्षण निथळू द्यायचा, पहिले धुणे साठीव टाकीत करून ते द्रावण पुन्हा मूळ टाकीत घालायचे, पुढच्या धुण्यांत पाणी मालाच्या उलट दिशेने खेळवायचे आणि सायनाइडचे पाणी क्रोमच्या आम्ल पाण्यात कधीही मिसळू द्यायचे नाही, कारण त्यातून प्राणघातक वायू सुटतो. अशाने पाणी कमी लागते, रसायन वाचते आणि गाळही कमी होतो. पहिल्या मार्गात कारखानदाराचा खर्चच होतो. दुसऱ्यात त्याची काही बचतही होते. पहिला नियंत्रणाचा, दुसरा प्रतिबंधाचा.

तपासणी केवळ निर्गमावर होत असेल, तर दुसऱ्या मार्गाचे कोणालाच श्रेय मिळत नाही. पाणी जास्त मिसळून आकडा खाली आणणारा आणि टाकीजवळ काळजी घेणारा हे दोघेही नमुन्याच्या बाटलीत सारखेच दिसू शकतात. नदीला मात्र ते सारखे नसतात. धातू कुजत नाही, विरघळून नाहीसा होत नाही. तो ब्यरमंगलच्या गाळात जाऊन बसतो.

वृषभावतीतील पाण्याचा मोठा भाग घरगुती सांडपाण्याचा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारून शहराला मोकळे होता येणार नाही. तथापि घरगुती मैल्याचे विघटन जिवाणू करतात. धातूंपुढे ते हतबल होतात, कधी मरतातही. शहराच्या शुद्धीकरण केंद्राकडे धातूचे पाणी पोचू न देणे, हे म्हणूनच त्या केंद्राच्या दृष्टीनेही प्रतिबंधाचेच काम आहे.

६. न्यायालयाची भाषा आणि जुनी आज्ञा

कायद्याच्या व्यवहारातून निसटलेला प्रतिबंध न्यायालयांनी पुन्हा शब्दांत आणला. २८ ऑगस्ट १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंच खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पालार नदीकाठच्या चर्मोद्योगांच्या संदर्भात सावधगिरीचे तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानले. या पालारचा उगम बेंगळूरपासून दूर नाही; ती नंदीदुर्गाच्या डोंगरांतून निघते. २२ फेब्रुवारी २०१७ च्या निकालात याच न्यायालयाने कार्यरत शुद्धीकरण यंत्रणेशिवाय उद्योग चालू देऊ नयेत, असे बजावले. त्याच वर्षी शिवाजीनगरच्या पाण्याच्या वाटेवरील बेळ्ळंदूर तलावाला आग लागल्यानंतर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तलावाभोवतीचे उद्योग बंद करण्याचा आदेश दिला. पाण्याला आग लागल्यावर आलेला तो आदेश प्रतिबंधाचा म्हणावा की नियंत्रणाचा, हा प्रश्न वाचकांवर सोपवतो. २०२४ च्या दुरुस्तीने अनेक अपराधांवरील कैदेची जागा आर्थिक दंडाला दिली. ती प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. भरपाईचे तत्त्व आता दरपत्रकासारखे वाचले जाऊ नये, ही चिंता त्यातून उद्भवते.

या पार्श्वभूमीवर मराठीतील एक जुना ग्रंथ आठवतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. त्यातील दुर्गप्रकरणात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, पाण्याची जागा जतन करावी, असे सांगितले आहे. गडावरील केरकचऱ्याविषयीही आज्ञा आहे : तो गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळून टाकावा आणि राख परसातील भाजीपाल्याला घालावी. आजच्या परिभाषेत हा उगमस्थानीच केलेला प्रतिबंध आहे. खाली टाकल्यावर काय करावे, याचे कलम तेथे नाही, कारण खाली टाकायचेच नाही.

या उताऱ्याचा गौरव करताना दोन मर्यादा विसरता कामा नयेत. एक, गड ही लहान, तटबंद वस्ती. तिच्या नियमाने औद्योगिक वसाहत चालणार नाही. दोन, केर काढणारे आणि जाळणारे हात कोणाचे, हे आज्ञापत्र सांगत नाही. महाडचा इतिहास माहीत असणाऱ्याला हे मौन ऐकू येते. तरीही या आज्ञेतील एक गोष्ट आपल्या कायद्यापेक्षा सरळ आहे. ती कचरा जेथे जन्मतो, तेथल्या माणसाशी बोलते.

७. समारोप

शिवाजीनगरच्या चौकातून निघालेला हा शोध तीन प्रकारच्या लेखनापाशी येऊन थांबतो. दानलेख येणाऱ्या पिढीशी बोलतो. आज्ञापत्र जागच्या जबाबदार माणसाशी बोलते. आधुनिक कायदा आणि त्याखालचे संमतिपत्र उद्योगाच्या धन्याशी बोलतात. ब्यरमंगलचा शेतकरी या शेवटच्या संवादात तृतीयपुरुषीही येत नाही. त्याला बोलायचे झाले, तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. तौलनिक अभ्यासकाने अशा दस्तऐवजांकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहावे, कोण कोणाला उद्देशून बोलतो आणि कोण वगळला जातो हे तपासावे, असे या निमित्ताने सुचवावेसे वाटते.

‘विटाळ’ सोडून ‘प्रदूषण’ म्हणायला शिकणे, हा आपल्या भाषांचा मोठा पल्ला होता. माणसावरचा दोष त्यामुळे पाण्यातल्या द्रव्यावर आला. पुढचा पल्ला अजून बाकी आहे. तो दोष नाल्याच्या तोंडावरून उचलून टाकीच्या काठावर नेला पाहिजे, जेथे कामगार ओला भाग हातात धरून उभा असतो आणि तो आणखी काही क्षण निथळू द्यायचा की नाही, हे ठरायचे असते.